मनाच्या उमेदीचें मोजमाप

जून महिन्यांत शाळा उघडते तेव्हां कोणत्याही वर्गांत संकल्पांची उणीव नसते. वह्या कोऱ्या असतात, बाहेर पावसाची झड लागलेली असते आणि प्रत्येकाच्या मनांत कांहीं ना कांहीं ठरलेलें असतें. कोणी गणितांत पक्कें व्हावयाचें ठरवितो, कोणी पहांटे उठून वाचावयाचें ठरविते, कोणी धांवण्याच्या शर्यतींत पहिला क्रमांक मिळविण्याचें मनांत घेतो. गणेशोत्सवाच्या सुमारास याच मुलांस त्या संकल्पांविषयीं विचारिलें, तर बहुतेक जण खालीं पाहतात. दिवाळीनंतर तर विचारण्याचीही सोय राहत नाहीं. असें कां व्हावें ? जूनमधला संकल्प खोटा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो खराच होता. मग चार महिन्यांत तो गेला कोठें ? आणि त्याच बांकावर बसणाऱ्या, बुद्धीनें फारशा निराळ्या नसलेल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा संकल्प मात्र मार्चपर्यंत टिकला, तो कशाच्या बळावर ? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यांतही विशेषेंकरून हें पाहावयाचें आहे कीं, आपल्या मनाचें हें बळ आपलें आपणांस ओळखतां व मापतां येतें काय.

प्रथम तीन शब्दांचे अर्थ वेगळे करून घेऊं. कारण नित्याच्या बोलण्यांत त्यांची सरमिसळ होते. ते शब्द म्हणजे इच्छा, ध्येय आणि प्रेरणा. मळवली स्टेशनावर उतरून वर पाहिलें म्हणजे लोहगड डोळ्यांत भरतो. 'एकदां वर जावें' असें वाटणें ही इच्छा. 'येत्या रविवारीं सकाळीं दहाच्या आंत गडाच्या विंचूकाट्यावर पोहोंचावयाचें' असें ठरविणें हें ध्येय. आणि भाजें गांव मागें पडल्यावर, उभी चढण लागून धाप लागली असतांही जी आपणांस पुढचें पाऊल टाकावयास लावते, ती प्रेरणा. तिलाच आपण घरगुती भाषेंत उमेद म्हणतों. इच्छेस कांहीं खर्च पडत नाहीं. ध्येय ठरविण्यास विचाराचा खर्च पडतो. उमेदीची किंमत मात्र घामानें भरावी लागते. म्हणूनच इच्छा सर्वांपाशीं असतात, ध्येयें पुष्कळांपाशीं असतात, आणि उमेद कमी पडली अशी तक्रार बहुतेकांच्या तोंडीं असते.

ही प्रेरणा दोन ठिकाणांहून येते. कांहीं बाहेरून, कांहीं आंतून. हा भेद समजण्यास आपल्या भोर घाटासारखा दुसरा दाखला नाहीं. कर्जतहून लोणावळ्याकडे येणारी आगगाडी जो घाट चढते, त्याचा चढ सर्वांत उभ्या ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका आहे. एवढा चढ भरलेल्या गाडीचें एकटें इंजिन ओढूं शकत नाहीं. म्हणून कर्जतेस गाडीच्या शेपटीस आणखी इंजिनें जोडण्याची वहिवाट आहे. रेल्वेचे लोक त्यांस 'बँकर' म्हणतात. तीं मागून रेटा देतात. घाट चढून झाला कीं तीं सोडून घेतात, आणि पुढें पुण्याकडे गाडी आपल्या स्वतःच्या इंजिनावर धांवूं लागते.

विद्यार्थ्याच्या मागेंही अशीं इंजिनें लागलेलीं असतात. आईबापांचा धाक, शिक्षकांची नजर, बक्षिसाची आशा, परीक्षेची तारीख, शेजारच्या मुलाशीं होणारी तुलना, हीं सर्व मागून रेटणारीं इंजिनें होत. त्यांस तुच्छ लेखूं नये. घाट खरोखरच उभा असतो तेव्हां त्यांची गरज असते. पाढे पाठ करणें किंवा परकी लिपी गिरविणें यांत आरंभीं गोडी नसते. तेथें कोणी मागून हात दिला नाहीं तर पुष्कळ मुलें पायथ्याशींच राहतील. परंतु खरा प्रश्न निराळाच आहे. रेटा निघून गेल्यावर गाडी चालते कीं नाहीं ? जिला पुढें स्वतःचें इंजिन नाहीं, ती गाडी मागचें इंजिन सुटतांच उभी राहील, आणि चढावर असल्यास मागें घसरेल. शालान्त परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरीं येतांच पुस्तकांस कायमचा रामराम ठोकणारा विद्यार्थी, मग त्यास गुण कितीही मिळोत, अशाच गाडीसारखा होय.

आंतली प्रेरणा कशानें उपजते, याचा शोध अलीकडील मानसशास्त्रानें बराच घेतला आहे. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या दोघां अमेरिकन पंडितांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत व त्यानंतरच्या लेखनांत तिच्या पोषणास तीन गोष्टी लागतात असें मांडिलें आहे. पहिली, तें काम आपण आपल्या खुषीनें पत्करिलें आहे असें वाटणें. दुसरी, तें आपणांस हळूहळू साधत आहे असा अनुभव येणें. आणि तिसरी, ज्या माणसांत आपण राहतों त्यांच्याशीं त्या कामानें नातें जुळणें. एखाद्या मुलास अपूर्णांक अगदीं नकोसे वाटत असतात. पुढें बाप त्याजवर घरच्या म्हशींच्या दुधाचा हिशेब सोंपवितो. सकाळचें साडेचार लिटर, संध्याकाळचें पावणेचार, डेअरीचा भाव अमुक. महिन्याचा मेळ त्यानेंच घालावयाचा. दोन महिन्यांत तेच अपूर्णांक त्याच्या जिभेवर नाचूं लागतात. गणित बदललें नाहीं; परंतु तें आतां त्याचें स्वतःचें झालें, त्याला साधूं लागलें, आणि घरांत त्याच्या शब्दास किंमत आली. तिन्ही गोष्टी एकदम घडल्या.

परंतु आंतली प्रेरणा असली म्हणजे सर्व झालें, असेंही नाहीं. तिचा स्वभाव पावसासारखा आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरीनें दीडशे इंचांच्या वर पाऊस पडतो. परंतु त्यांतील जवळजवळ सर्व पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वीं हें पाणी तसेंच वाहून जाऊन समुद्रास मिळे, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच डोंगरांतील वाड्यांवर बायकांस हंड्याभर पाण्यासाठीं दूर जावें लागे. पाऊस थोडा होता म्हणून नव्हे, तर त्यास अडवावयास कोणी नव्हतें म्हणून. १९११ सालीं टाटांच्या जलविद्युत् कंपनीच्या कामाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरोटा येथें तलाव बांधण्यांत आले. आणि त्यांतील पाणी नळांतून घाटाखालीं खोपोलीस सोडून तेथें उत्पन्न झालेली वीज १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. जमशेटजी टाटांचें हें स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनीं सिद्धीस गेलें. गिरणी भर उन्हाळ्यांत चाले ती त्या दिवशींच्या पावसावर नव्हे, तर धरणानें अडविलेल्या पावसावर चाले.

विद्यार्थ्यानें यांतून घ्यावयाचा धडा उघड आहे. उत्साहाचा पाऊस कोणास केव्हां येईल याचा नेम नाहीं. एखादें चरित्र वाचल्यावर येतो, एखाद्या सत्कारसमारंभांत येतो, नापास झाल्यावर रडतां रडतांही येतो. तो आला कीं वाहून जाऊं न देतां त्याला बांध घालावा. हा बांध म्हणजे संवय. ठराविक वेळ, ठराविक जागा आणि ठराविक पहिलें पाऊल, एवढ्यावर संवयीची भिंत उभी राहते. पीटर गोल्वित्झर नांवाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत असें दाखविलें कीं, 'मी अभ्यास करीन' अशा मोघम निश्चयापेक्षां 'अमुक घडलें कीं मी अमुक करीन' असा नेमका निश्चय अधिक वेळां तडीस जातो. 'मी रोज इंग्रजी वाचीन' असें म्हणूं नये. 'संध्याकाळीं हातपाय धुऊन झाले कीं खिडकीपाशीं बसून इंग्रजीचें एक पान वाचीन' असें म्हणावें. यांतील मर्म असें कीं, ऐन वेळीं मनास 'आज करूं कीं नको ?' असें विचारावेंच लागत नाहीं. विचारलें म्हणजे मन बहुधा 'उद्यां' असेंच उत्तर देतें !

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपली उमेद किती आहे, हें मापावें कसें ? पुष्कळांस वाटतें कीं मनास विचारिलें म्हणजे झालें. परंतु मन हें फार बेभरंवशाचें माप आहे. भाषण ऐकून आलेला मुलगा आपणांस सिंह समजतो, आणि सर्दी झालेला मुलगा आपणांस अगदींच टाकाऊ समजतो. दोघांचीही समजूत दुसऱ्या दिवशीं पालटते. येथें आपल्याच गांवचें एक उदाहरण ध्यानांत धरण्यासारखें आहे. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. योगाचे गुण सांगणारे त्यापूर्वीं पुष्कळ होते. परंतु 'बरें वाटतें' एवढ्यावर संतुष्ट न राहतां, आसनें व क्रिया चालूं असतां शरीरांत प्रत्यक्ष काय घडतें तें क्ष-किरणांनीं व दाबमापक यंत्रानें पाहण्याचा त्यांनीं परिपाठ घातला, आणि तें 'योगमीमांसा' या त्रैमासिकांतून जगापुढें मांडिलें. श्रद्धा असलेल्या मनुष्यानेंही मोजून पाहावें, यांत श्रद्धेची हानि नाहीं, हें त्यांनीं आपल्या कृतीनें दाखविलें. उमेदीच्या बाबतींतही आपणांस हाच मार्ग धरावयाचा आहे.

पहिलें माप तीन प्रश्नांचें आहे. व्हिक्टर व्रूम या विद्वानानें १९६४ सालीं मांडलेल्या उपपत्तीवरून तें घेतां येतें. ध्येय डोळ्यांपुढें ठेवून स्वतःस विचारावें : मी झटलों तर हें मला साधेल असा भरंवसा मला किती आहे ? साधलें तर त्यापासून मला हवें तें फळ मिळेल असें कितपत वाटतें ? आणि त्या फळाचें मला खरोखर मोल किती ? प्रत्येक प्रश्नास दहांपैकीं गुण द्यावे, आणि त्यांची बेरीज न करतां गुणाकार करावा. गुणाकारच कां, तें पाहा. एकास दोन प्रश्नांत दहा-दहा गुण आहेत. परंतु 'मला हें साधणारच नाहीं' असें वाटल्यामुळें पहिल्या प्रश्नास शून्य आहे. बेरीज वीस येईल. गुणाकार मात्र शून्य. दुसऱ्यास तिन्ही प्रश्नांत पांच-पांचच गुण आहेत. त्याचा गुणाकार १२५ होतो. आणि ज्यास १०, १० व १ असे गुण आहेत, त्याचा गुणाकार अवघा १०० ! म्हणजे दोन ठिकाणीं पूर्ण आणि एके ठिकाणीं रिकामा असलेल्या मनापेक्षां सर्वत्र मध्यम असलेलें मन अधिक चालतें. हें केवळ घरगुती कोष्टक आहे, परंतु त्यानें दुखणें कोठें आहे तें तत्काळ कळतें. भरंवसा उणा असेल तर उपदेशाचा उपयोग नाहीं, सोपीं उदाहरणें करून तो वाढवावा लागतो. मोल उणें असेल तर शिकवणी लावून कांहीं होणार नाहीं.

दुसरें माप अंतराचें आहे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें एक साधा खेळ वापरला. जमिनींत खुंटी रोवून तिच्यावर दोरीचीं कडीं फेंकावयाचीं. किती दूर उभें राहावयाचें तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. ज्यांच्या मनांत कांहीं करून दाखविण्याची खरी हौस होती, ते खुंटीच्या अगदीं जवळ उभे राहिले नाहींत आणि फार लांबही गेले नाहींत. थोडा प्रयत्न केला तर साधेल अशा मध्यम अंतरावर ते उभे राहिले. इतर पुष्कळांनीं एक तर खुंटी पायाशीं घेतली, नाहीं तर इतकें अंतर घेतलें कीं चुकल्यास कोणी दोष देऊं नये. याच मॅक्लेलंडनें पुढें १९६४ च्या सुमारास आंध्रांतील काकिनाडा येथील व्यापाऱ्यांसाठीं शिक्षणवर्ग चालविले, आणि ही हौस शिकवून वाढवितां येते असा अनुभव घेतला. विद्यार्थ्यानें आपलें ध्येय याच कसोटीवर घासून पाहावें. गणितांत पस्तीस गुण मिळविणाऱ्यानें 'येत्या परीक्षेंत शंभर' असें म्हणणें हें पुष्कळदां धैर्य नसून पळवाट असते. 'पन्नास' असें म्हणून तीं मिळविणें हें खरें धैर्य.

ध्येय दूरचें असूं नये असा याचा अर्थ नव्हे. दूरच्या वाटेस टप्पे असावे एवढाच अर्थ. आपल्या वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं 'इंद्रायणी' हें भाताचें वाण बाहेर आलें. आंबेमोहोराचा वास आणि दुसऱ्या वाणाचें भरघोस पीक यांचा मेळ घालावयाचा, हें ध्येय. परंतु संकर केल्यावर दर हंगामास रोपें लावावयाचीं, त्यांतील चांगलीं निवडावयाचीं, त्यांचें बीं पुन्हा पुढील हंगामास पेरावयाचें, असें पिढ्यामागून पिढ्या करावें लागतें. पेरणाऱ्याची नजर दूरच्या ध्येयावर असते खरी, तथापि त्याचें काम त्या वर्षाच्या वाफ्यांत असतें.

तिसरें माप सर्वांत महत्त्वाचें. तें कृतीचें आहे. एक लहान वही घ्यावी व रोज निजण्यापूर्वीं तींत चार ओळी लिहाव्या. आज काम मीं आपण होऊन सुरू केलें कीं कोणी सांगावें लागलें ? सुरू केल्यावर तें किती वेळ टिकलें ? मध्यें अडलें तेव्हां मीं काय केलें, सोडलें, विचारिलें कीं पुन्हा प्रयत्न केला ? आणि काल खाडा पडला असल्यास आज परत आलों काय ? महिना संपला कीं आपण होऊन सुरू केलेले दिवस मोजावे. पहिल्या महिन्यांत ते बारा भरले व दुसऱ्यांत पंधरा, तर उमेद वाढली. शेजाऱ्याचे वीस भरले असले तरी त्याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. धरणाच्या भिंतीवरील पट्टी याच तलावाचें पाणी काल किती होतें व आज किती आहे एवढेंच सांगते. दुसऱ्या तलावाची उठाठेव ती करीत नाहीं. मोजणी करतांना एक पथ्य पाळावें. परीक्षेच्या आदल्या आठवड्याचे दिवस त्यांत धरूं नयेत, कारण तेव्हां मागचीं सर्व इंजिनें जोरांत चालूं असतात. ज्या दिवशीं परीक्षा दूर आहे, घरीं कोणी विचारणारें नाहीं आणि मनासही विशेष हुरूप नाहीं, त्या साध्यासुध्या दिवसाचें माप तेंच खरें माप.

वरील चार ओळींत चौथीचें मोल मी सर्वांत अधिक समजतों. खाडा कोणास पडत नाहीं ? परंतु पडल्यावर किती दिवसांनीं आपण परत येतों, यावर सर्व अवलंबून आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण या दृष्टीनें वाचावें. १८७५ सालीं, सतराव्या वर्षीं, सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते कोंकणांतील मुरुडाहून साताऱ्यास सह्याद्रि ओलांडून पायीं गेले. वाट शंभर मैलांहून अधिक. तेथें पोहोंचल्यावर ते वयानें लहान दिसतात एवढ्याच कारणानें त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तसेच ते पायीं परत आले. पुढें कोल्हापुरास ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक झाले तेव्हां वयाची विशी उलटून गेली होती. हिंगण्याचा आश्रम आणि १९१६ सालीं स्थापिलेलें महिला विद्यापीठ हीं त्यांचीं कामें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्या कामांस पुरलेली उमेद किती होती याचें माप साताऱ्याहून रिकाम्या हातानें परतल्यानंतरच्या दिवसांत घ्यावें लागतें. जातांना तर कोणीही जोमानें चालतो.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे, आणि ती पालकांनीं व शिक्षकांनींही ऐकावी. उमेदीचें माप हें दोष देण्याचें हत्यार नव्हे. ज्या घाटाचा दाखला वर दिला, त्याचेंच बांधकाम पाहा. १८५६ सालीं काम सुरू झालें; पहिल्या कंत्राटदारानें तें १८५९ सालीं सोडलें; दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, विलायतेहून येऊन थोड्याच आठवड्यांत मरण पावला; तेव्हां त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट आपल्या नांवें चालू ठेविलें, जाणत्या इंजिनियरांच्या हातीं काम सोंपविलें, आणि १८६३ च्या एप्रिलांत घाट खुला झाला. तिच्या निश्चयाची वाखाणणी करावी तितकी थोडीच. परंतु १८६१ च्या सुमारास याच घाटांत चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकी व तापानें त्यांतील हजारों दगावले. 'तुमचें ध्येय काय ?' असें त्यांस कोणी विचारिलें नाहीं. पोटाच्या रेट्यानें ते आले होते. उमेदीच्या गोष्टी सांगतांना परिस्थितीचा हा भार जो विसरतो, त्याचा न्याय खोटा ठरतो.

आपल्या शाळांतही तेंच आहे. नाणे मावळांतून किंवा पवन मावळांतून एस्. टी. नें येणारा मुलगा जुलैंत चार दिवस गैरहजर राहतो, कारण घरीं भाताची लावणी असते आणि खाचरांत प्रत्येक हात हवा असतो. त्याच्या वहींतील तो खाडा आळसाचा नव्हे. किंबहुना चिखलांत दिवसभर वांकून रोपें लावणाऱ्या मुलापाशीं टिकाव किती असतो, हें आपणच त्याच्याकडून शिकावें. एखादी मुलगी वर्गांत लक्ष देत नाहीं असें वर्षभर म्हटलें जातें, आणि चष्मा लागल्यावर कळतें कीं तिला फळाच दिसत नव्हता. म्हणून 'या मुलास उमेद नाहीं' असा निकाल देण्यापूर्वीं मोठ्या माणसांनीं पांच गोष्टींची चौकशी करावी : त्याची झोंप पुरी होते काय, पोटभर जेवण मिळतें काय, डोळे व कान ठीक आहेत काय, बसावयास थोडी निवांत जागा आहे काय, आणि मनावर घरच्या भांडणाचें वा आजाराचें ओझें आहे काय. तलावांत पाणी उणें दिसलें तर प्रथम भिंतीस भोंक पडलें आहे काय तें पाहतात. पावसास शिव्या देत बसत नाहींत.

पालकांसाठीं आणखी एक गोष्ट बक्षिसासंबंधीं. १९७३ सालीं लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघां अमेरिकन संशोधकांनीं एका बालशाळेंतील चित्रें काढण्याची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. कांहीं मुलांस अगोदर सांगितलें कीं, चित्र काढाल तर रिबिनीचें प्रशस्तिपत्र मिळेल; कांहींस तें न सांगतां मागाहून दिलें; कांहींस मुळींच दिलें नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं मोकळ्या वेळांत पाहिलें तों, आमिष दाखविलेलीं मुलें इतरांच्या मानानें निम्माच वेळ चित्रें काढीत होतीं. जी गोष्ट तीं आवडीनें करीत होतीं, ती आतां त्यांस मजुरीची वाटूं लागली. यावरून बक्षिसें बंद करावीं असें ठरत नाहीं. वार्षिक समारंभांतील बक्षीस हा कौतुकाचा आनंद आहे, आणि तो अवश्य द्यावा. परंतु मूल आपण होऊन वाचीत असतां 'दहा पानें वाचलींस तर सायकल घेऊन देईन' असें म्हणूं नये. त्यापेक्षां त्यानें काय वाचलें तें पांच मिनिटें ऐकून घ्यावें. आवडणाऱ्या कामास लांच लागत नाहीं, आणि न आवडणाऱ्या कामांत आरंभीं बक्षिसाचा रेटा दिला तरी तो घाटापुरता असावा, मुक्कामापर्यंत नव्हे.

शेवटीं, माप घेतल्यावर कधीं कधीं असेंही आढळेल कीं, मनापासून झटूनही वही महिनेच्या महिने रिकामीच राहते. तेव्हां धीर न सोडतां एक प्रश्न स्वतःस विचारावा : हें ध्येय माझें आहे, कीं दुसऱ्या कोणाचें मीं वाहत आहें ? शेजारचा मुलगा डॉक्टर झाला म्हणून आपणही व्हावें, असें ठरविलेलें ध्येय आपल्या मनांत मूळ धरीत नाहीं, यांत मनाचा अपराध नाहीं. असें ध्येय आईवडिलांशीं व शिक्षकांशीं मोकळेपणानें बोलून बदलण्यांत कमीपणा नाहीं. मात्र हा निर्णय कंटाळ्याच्या संध्याकाळीं करूं नये. निदान तीन महिन्यांची वही समोर ठेवून करावा. तसेंच मुलाचें बोलणें ऐकतांना वडील माणसांनीं आपली अपुरी राहिलेली हौस क्षणभर बाजूस ठेवावी, हें सांगणेंही येथें उचित होईल.

विद्यार्थिमित्रहो, उमेद ही कांहीं मोजक्या भाग्यवंतांस जन्मतः मिळालेली देणगी आहे असें समजूं नका. ती येते, जाते, अडवितां येते, वाढवितां येते आणि मापितांही येते. आजच एक पातळ वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर या वर्षाचें एकच ध्येय, साधेल अशा अंतरावरचें, स्वच्छ अक्षरांत लिहा. त्याखालीं रोज केव्हां, कोठें व कोणत्या पहिल्या पावलानें आरंभ करणार तें लिहा. आणि दुसऱ्या पानापासून त्या चार ओळी सुरू करा. खाडा पडेल, त्याची लाज धरूं नका. दुसऱ्या दिवशीं परत या. पुढील जूनमध्यें नवे संकल्प करण्यापूर्वीं ती वही उघडून पाहिलीत, तर आपल्या मनाची जी ओळख तुम्हांस होईल, ती कोणत्याही प्रगतिपुस्तकांत लिहिलेली नसेल.